एका घराची दोन घरं: कोल्हापुरात परवानगी काढताना

चूल वेगळी करायला आम्हाला एक दिवस पुरला. वरच्या मजल्यावर टेबलावर शेगडी मांडली, सासूबाईंनी हळदीकुंकू वाहिलं, दूध ऊतू घातलं, झालं. कागदावर त्याचं वेगळं घर व्हायला मात्र सव्वा वर्ष लागलं आणि त्यातले निदान आठ महिने आमच्या स्वतःच्या अडाणीपणात गेले.

घर मंगळवार पेठेतलं. पुढचा सोपा (म्हणजे ओसरी) आजेसासऱ्यांच्या काळातला, सागवानी तुळयांचा. मागची बाजू आणि वरचा मजला सासऱ्यांनी 1984 मध्ये चढवलेला. सासरे गेल्यावर ठरलं, की खाली थोरले दीर, जाऊबाई आणि सासूबाई, वर आम्ही. भांडण नव्हतं, पण दोन्हीकडची पोरं मोठी झाली होती आणि एका न्हाणीघरापुढं सकाळी सहा जणांची रांग लागायची. पुरुष मंडळींना कामावरून सवड नाही म्हणून फाईल माझ्याकडे आली. तेव्हा कुणी बसवून सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असं जे जे वाटलं ते इथं क्रमानं लिहिते.

1. आधी तुमची जागा कुणाच्या हद्दीत आहे ते बघा

बाहेरून येऊन नुकतंच घर घेतलेल्यांची इथंच गल्लत होते. पत्त्यात कोल्हापूर लिहिलं म्हणजे महापालिका असं नाही. उचगाव, पाचगाव अशी शहराला चिकटलेली 42 गावं कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरणात येतात. हे प्राधिकरण 2017 मध्ये झालं. घरफाळ्याची (म्हणजे मालमत्ता कराची) पावती ग्रामपंचायतीची असेल तर तुमची वाट वेगळी. महापालिकेची असेल तर नगररचना विभाग.

नियमांचं पुस्तक मात्र दोन्हीकडे एकच, एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली. डिसेंबर 2020 पासून मुंबई आणि मोजके भाग सोडून राज्यभर तीच लागू आहे. सगळे तिला यूडीसीपीआर म्हणतात, तुम्हीही तेच म्हणा. पूर्ण नाव घेतलंत की समोरचा ओळखतो, हे गिऱ्हाईक नवीन आहे.

उपनगरात गुंठेवारीचा, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्यागुंठ्यानं तुकडे पाडून विकलेला प्लॉट असेल तर आधी तो नियमित झालाय का पाहा. 2021 च्या दुरुस्तीनं 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या गुंठेवारीला ती वाट मिळाली. ते झाल्याशिवाय पुढची एकही पायरी चढता येत नाही.

2. नेमकं काय दोन करायचंय ते ठरवा

“घराची दोन घरं करायचीत” असं आम्ही पहिल्या दिवशी सांगितलं आणि समोरून प्रश्न आला, “प्लॉट फोडणार का गाळे करणार?” मला फरक माहीत नव्हता.

प्लॉट फोडणं म्हणजे जमिनीचं उपविभाजन. दोन तुकडे, दोन वेगळी प्रॉपर्टी कार्डं. त्याला प्रत्येक तुकड्याचं किमान क्षेत्र आणि रस्त्याकडचं तोंड लागतं. पेठेतल्या चिंचोळ्या जागांत ते सहसा बसत नाही. दुसरा मार्ग म्हणजे जमीन एकच ठेवून इमारतीत दोन स्वतंत्र निवासी गाळे दाखवायचे. प्रत्येकाला आपलं स्वयंपाकघर, आपलं न्हाणी-संडास, आपला दरवाजा. आमचं हे दुसरं.

खाच अशी, की गाळे दोन झाले म्हणून मालकी दोन होत नाही. बांधकाम परवानगी सांगते इमारत कशी आहे, ती कुणाची आहे ते सांगत नाही. वरचा मजला अमक्याचा आणि खालचा तमक्याचा, हे नोंदणीकृत वाटणीपत्रानं किंवा बक्षीसपत्रानंच ठरतं. नुसत्या स्टँपवर लिहून चार पंचांच्या सह्या घेतलेला कागद घरच्या घरी समाधान देतो. बँकेत किंवा कोर्टात त्यावर विसंबू नका.

3. प्रॉपर्टी कार्डावर कुणाची नावं आहेत?

सिटी सर्व्हे नंबर घरफाळ्याच्या पावतीवर किंवा जुन्या दस्तात सापडतो. त्यावरून मिळकत पत्रिका म्हणजे प्रॉपर्टी कार्ड काढा. महाभूमीच्या पोर्टलवर डिजिटल सहीची प्रतही मिळते.

आमच्या कार्डावर सासरेच होते. म्हणजे आधी वारस नोंद. मृत्यूचा दाखला, वारसांची माहिती देणारं प्रतिज्ञापत्र, सगळ्यांची ओळखपत्रं. सगळ्यांची म्हणजे सगळ्यांची. गडहिंग्लजच्या वन्संचं नाव घालायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. “तिला काय पाहिजे, ती काय मागणार नाही,” असं घरात चाललेलं. मागणार नाही हे खरं, पण हक्क आहे. वडिलांच्या मागे लेकीचा वाटा असतोच, आणि वडिलोपार्जित मिळकतीत 2005 च्या दुरुस्तीनं मुलगी मुलाच्या बरोबरीला आली. वन्संना हक्क सोडायचा असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र, ठेवायचा असेल तर अर्जावर त्यांची सही. आम्ही फोनवर विचारायला कचरत महिना घालवला. त्या मात्र पहिल्या रविवारी एसटीनं आल्या, जेवल्या आणि सही करून गेल्या.

कार्डावर बोजा आहे का तेही पाहा. सासऱ्यांनी एका सोसायटीचं कर्ज फेडून कितीतरी वर्षं झाली होती, बोजा तसाच. तो आधी उतरवावा लागला.

4. जुना मंजूर नकाशा शोधा

बाकी सगळं विसरलात तरी चालेल, ही पायरी विसरू नका. नव्या नकाशात “आहे ते बांधकाम” एका रंगात आणि “नवीन बांधकाम” दुसऱ्या रंगात दाखवतात. आहे ते बांधकाम अधिकृत आहे हे जुना मंजूर नकाशा सांगतो. तो नसेल तर तुमचं अख्खं घरच प्रश्नचिन्ह होऊन बसतं.

शोधायचं कुठं?

घरातली ट्रंक, देव्हाऱ्याखालचं कपाट, जुन्या दस्तांच्या पिशव्या. मग ज्या बँकेनं किंवा पतसंस्थेनं घरासाठी कर्ज दिलं तिथली फाईल. मग बांधकाम करणाऱ्या जुन्या इंजिनिअरचं ऑफिस, त्यांचा मुलगा आता तिथं बसत असला तरी विचारा. शेवटी महापालिकेकडे नकलेचा अर्ज, त्यानं काम झालं नाही तर 10 रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज. पण नुसतं “आमच्या घराचा नकाशा द्या” असं लिहून कुणाला काही सापडत नाही. परवानगीचा जावक क्रमांक आणि साल द्यावं लागतं.

आमचा नकाशा सासूबाईंच्या ट्रंकेत, शालूच्या घडीत निघाला. निळ्या शाईचा, घडीवर फाटलेला, कोपऱ्यात लाल शिक्का आणि जावक क्रमांक. आनंदानं जमिनीवर पसरला आणि दहा मिनिटांत सगळे गप्प. नकाशात वरच्या मजल्यावर दोन खोल्या होत्या. प्रत्यक्षात तीन. मागची उघडी गच्ची सासऱ्यांनी नंतर पत्रा टाकून बंद केली होती आणि मी लग्न होऊन आल्यापासून ती आमची पोरांची खोली होती.

अशा वेळी दोन मोह होतात. पहिला, ती खोली नकाशात दाखवायचीच नाही. जागेची पाहणी होते तेव्हा ती दिसते आणि मग तुमच्या बाकीच्या मापांवरही कुणी विश्वास ठेवत नाही. दुसरा मोह असा, की “घरफाळा लागलाय ना, मग अधिकृतच आहे.” नाही. घरफाळा अनधिकृत बांधकामावरही लागतो, वर शास्तीही बसू शकते. त्या पावतीनं बांधकाम जुनं आहे हे दाखवायला मदत होते, ते कायदेशीर ठरत नाही.

सरळ वाट म्हणजे जादा बांधकाम नकाशात उघड दाखवायचं. चटई क्षेत्रात (प्लॉटवर जेवढं बांधकाम करता येतं त्या मर्यादेत, एफएसआयमध्ये) आणि मोकळ्या जागेच्या नियमात बसत असेल तर दंडाची रक्कम भरून ते नियमित करून घेता येतं. बसत नसेल तेवढं पाडायचं. आमची खोली बसली, तिचा गॅलरीसारखा बाहेर आलेला दीड फूट बसला नाही. तो उतरवला. पोरं हिरमुसली, कारण पतंग तिथूनच उडायचे.

5. झोन दाखला, रस्तारेषा, पूररेषा

झोन दाखला आणि भाग नकाशा मागून घ्या. जागा रहिवास विभागात आहे का, कुठलं आरक्षण आहे का, विकास आराखड्यातला रस्ता तुमच्या सोप्यातून जातो का, हे त्यात कळतं. पेठांमध्ये रस्तारुंदीची रेषा घराच्या पुढच्या भिंतीच्या आत आलेली असणं ही नेहमीची गोष्ट. त्या पट्ट्यात नवीन जिना दाखवलात तर फाईल परत. भवानी मंडप, अंबाबाई मंदिराच्या आसपास असाल तर हेरिटेज वास्तूंच्या वारसा यादीचीही चौकशी करा.

नदीच्या बाजूला राहणाऱ्यांनी पूररेषा आधी पाहावी, बाकी नंतर. निळी रेषा म्हणजे 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदाच्या पुराची. दोन रेषांच्या मधल्या पट्ट्यात नव्या बांधकामाचं जोतं (भिंतींखालचा चौथरा) लाल रेषेच्या पातळीपेक्षा 45 सेंटिमीटर वर लागतं. निळ्या रेषेच्या आत तर नवं काही जवळपास बंदच, असलेल्या अधिकृत घराची पुनर्बांधणीच काय ती अटींवर होते. सुतारवाडा, दुधाळी, शाहूपुरी कुंभार गल्ली इथल्या लोकांना हे सांगायला नको. 2019 आणि 2021 च्या पुरांनंतर त्यांना रेषा पाठ आहेत. सांगावं लागतं ते तिथं स्वस्तात जुनं घर घेऊन खालचा मजला भाड्यानं द्यायचा विचार करणाऱ्या नवख्यांना. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी 43 फुटांवर गेली की कोल्हापुरात धोका पातळी ओलांडली म्हणतात. त्या दिवशी त्या गल्लीत कुठवर पाणी येतं, हे कागदाच्या आधी समोरच्या किराणा दुकानदाराला विचारा.

6. माणसं कोणती लागतात

अर्ज तुम्हाला स्वतःला भरता येत नाही. महापालिकेचा परवानाधारक आर्किटेक्ट किंवा इंजिनिअर लागतो आणि ऑनलाइन प्रणालीत फाईल त्याच्याच लॉगिनमधून चढते. त्यामुळे दोन गोष्टी करा. अर्जात तुमचाच मोबाईल नंबर घालायला लावा, म्हणजे त्रुटी निघाली की मेसेज तुम्हाला येतो. आणि त्याची फी टप्प्याटप्प्यानं ठरवा, शेवटचा हप्ता भोगवटा प्रमाणपत्र (काम झाल्यावर इमारत वापरायला मिळणारी मंजुरी) हातात आल्यावर.

“साहेब आपल्या ओळखीचेत, फाईल मी फिरवतो” म्हणणारा एक माणूस आम्हालाही भेटला. त्यानं आगाऊ पैसे घेतले आणि तीन महिने “टेबलावर आहे” एवढंच सांगितलं. फाईल दाखलच झाली नव्हती. दाखल झालेल्या फाईलला क्रमांक असतो. क्रमांक मागा, नसेल तर फाईल नाही.

जुन्या घराला स्ट्रक्चरल इंजिनिअर वेगळा घ्या आणि नकाशा काढायच्या आधी घ्या. आम्हाला वरचं स्वयंपाकघर पुढं, सोप्याच्या वर हवं होतं. वारा छान, रंकाळ्याकडची हवा येते. इंजिनिअर आले, शिडी लावली आणि तुळई भिंतीत शिरते तिथं स्क्रूड्रायव्हर टेकवला. दाबला पण नाही, तो दोन इंच आत गेला आणि खाली पिवळा भुगा पडला. वरून तुळई तेलपाणी केलेली, चकचकीत. आत वाळवी. ओटा, कडाप्पा, पाण्याची टाकी आणि भरलेली पिंपं तिच्यावर बसवली असती. स्वयंपाकघर मागं स्लॅबवर गेलं आणि दोन तुळयांखाली लोखंडी आय-सेक्शन आले.

7. नकाशात काय पाहतात

सगळे नियम इथं लिहीत नाही, ते तुमचा आर्किटेक्ट बघेल. पण जिथं आमच्या ओळखीच्यांच्या फायली परत आल्या त्या जागा या:

हवा आणि उजेड. पेठेत भिंतीला भिंत लागून घरं असतात, ते चालतं. पण शेजाऱ्याच्या जागेवर उघडणारी खिडकी हिशेबात धरत नाहीत. रस्ता, मागची मोकळी जागा किंवा आतला चौक, यावरच खिडकी हवी. म्हणून जुन्या घरातला चौक झाकायची घाई करू नका. एका घराची दोन करताना तोच कामाला येतो.

खोलीची उंची. राहायच्या खोलीला 2.75 मीटर, म्हणजे साधारण नऊ फूट. माळ्याला खोली म्हणून दाखवता येत नाही, कितीही वर्षं कुणी तिथं झोपत असलं तरी.

जिना. आमचा आतला लाकडी जिना अडीच फुटी, तोही दिरांच्या माजघरातून. म्हणजे आम्हाला वर जायला त्यांच्या घरातून जावं लागणार. मग दोन गाळे कसले? बाहेरून स्वतंत्र जिना दाखवावा लागला.

पार्किंग. मागणी गाळ्यांच्या संख्येवर आणि आकारावर मोजतात, त्यामुळे एकाचे दोन झाले की ती वाढते. दारातला रस्ता तुमचं पार्किंग नव्हे.

8. फाईलबरोबर जोडायचे कागद

- तीन महिन्यांच्या आतलं प्रॉपर्टी कार्ड आणि सिटी सर्व्हेचा मोजणी नकाशा (शेजाऱ्याशी हद्दीचा वाद असेल तर ताजी मोजणी करूनच घ्या)
- मालकीचा दस्त, वारस नोंद, सर्व सहहिस्सेदारांची संमती
- जुनी परवानगी, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र असल्यास तेही
- झोन दाखला व भाग नकाशा
- चालू वर्षाचा घरफाळा आणि पाणीपट्टी भरल्याच्या पावत्या, थकबाकी शून्य
- परवानाधारकाचं नेमणूकपत्र, स्ट्रक्चरल इंजिनिअरचा स्थिरता दाखला
- नवीन नकाशे

शहरातल्या विभागीय कार्यालयांत थकबाकीचं काम होतं, त्यासाठी मुख्य इमारतीत चकरा मारू नका. मार्च महिन्यात मात्र तिकडं फिरकू नका, वसुलीची गर्दी असते.

9. फी आणि मुदती

छाननी शुल्क सुरुवातीला, विकास शुल्क आणि इतर रकमा मंजुरीच्या टप्प्यावर. चलन निघतं, ते ऑनलाइन भरायचं. बांधकाम खर्चावर 1 टक्का कामगार उपकर असतो, पण स्वतःच्या राहण्याच्या घराचा खर्च ठरलेल्या मर्यादेच्या आत असेल तर तो लागत नाही. हे विचारून घ्या, सहसा कुणी आपणहून सांगत नाही.

लहान प्लॉटला सोपी वाट आहे. 150 चौरस मीटरपर्यंत (म्हणजे जवळजवळ दीड गुंठा) कमी जोखमीचा प्रकार, त्यात परवानाधारकाच्या जबाबदारीवर झटपट काम होतं. 150 ते 300 चौरस मीटरसाठीही छोटी प्रक्रिया आहे. पण जुनं जादा बांधकाम असेल तर ही वाट धरू नका, नियमित करण्याचं प्रकरण वेगळंच चालतं.

“साठ दिवसांत उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं समजायचं” हे तुम्हाला कुणीतरी कट्ट्यावर नक्की सांगेल. कायद्यात तसं आहे, महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम 1966 चं कलम 45. पुढचं वाक्य कट्ट्यावर कुणी सांगत नाही. तुमचा नकाशा नियमांना धरून असेल तरच. आणि त्रुटीचं पत्र आलेलं असेल तर ते उत्तरच झालं. गवंड्याला बोलवायला हे कारण पुरेसं नाही.

10. काम चालू असताना

परवानगीचं पत्र एकूण 4 वर्षांपर्यंत चालतं, पण दर वर्षी नूतनीकरण करायचं असतं. आमच्या गल्लीतल्या एकांनी लेकीच्या लग्नासाठी काम थांबवलं, नूतनीकरण राहिलं आणि नंतर नव्यानं अर्ज.

रंग, गिलावा, फरशी बदलायला परवानगी लागत नाही. भिंत हलवली, जिना फिरवला, संडास इकडचा तिकडं केला तर सुधारित नकाशा. नवीन जोतं असेल तर जोते तपासणी करूनच भिंती चढवा. गवंडी म्हणतो, “वैनी, सा इंच पुढं घेऊया, कुणाला कळतंय.” टेप लावणाऱ्याला कळतं. आमचा जिना गवंड्यानं नऊ इंच पुढं घेतलाच होता, मी माहेरी गेले होते त्या आठवड्यात. परत पाडून बांधला, पैसे आमचेच.

11. भोगवटा, मग मीटर, मग घरफाळा

काम संपल्यावर परवानाधारकाकडून पूर्णत्वाचा दाखला आणि मग भोगवटा प्रमाणपत्र. खूप जण इथं थांबतात, राहायला लागलो ना आता, म्हणून. पण पुढची सगळी कामं याच कागदावर अडतात.

महावितरणकडे दुसऱ्या मीटरचा अर्ज करताना स्वतंत्र दरवाजा, स्वतंत्र वायरिंग आणि स्वतंत्र वापर दाखवावा लागतो. युनिटचे टप्पे वाचवायला एकाच घरात दोन मीटर घेणारे असतात, म्हणून तपासणी होते. इलेक्ट्रिशियनला आधीच सांगा, वरखालची वायरिंग पूर्ण तोडायची. आमच्या जिन्यातला एक बल्ब खालच्या मीटरवर राहिला होता, त्यावरून पुन्हा एक चक्कर.

पाण्याचं दुसरं कनेक्शन आणि ड्रेनेजची जोडणी वेगळे अर्ज आहेत. रस्ता खोदायची परवानगी पावसाळ्यात मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका, मे महिन्याआधी उरका.

घरफाळ्याची आकारणी फोडून घ्या, दोन मजल्यांची दोन बिलं. त्यातला एखादा मजला भाड्यानं देणार असाल तर घरफाळ्याचा हिशेब बदलतो, भाडं ठरवण्याआधी तो आकडा काढा. रेशनकार्ड वेगळं करायचं ते यानंतर, नव्या लाईटबिलावर सहज होतं.

वाटणीपत्र आम्ही सगळ्यात शेवटी नोंदवलं, मंजूर नकाशाची प्रत जोडून. वकिलांनी तसंच सांगितलं होतं. “वरचा मजला” एवढंच लिहिण्याऐवजी “नकाशात अमुक रंगानं दाखवलेला, अमुक चौरस मीटरचा गाळा, बाहेरील जिन्यासह” असं लिहिता येतं. गच्ची कुणाची, पाण्याची टाकी कुणाची, चौक कुणाचा, बाहेरची भिंत गळली तर खर्च कुणाचा, हेही त्यातच घाला. गच्चीवर सांडगे-पापड दोघींनी वाळवायचे हे जाऊबाईंनी लिहून घ्यायला लावलं. वकील हसले, पण लिहिलं.

नव्या नकाशाच्या तीन शिक्क्याच्या प्रती काढल्या. एक दिरांकडे, एक आमच्याकडे, एक गडहिंग्लजला वन्संच्या कपाटात. जुना फाटका नकाशा मात्र सासूबाईंनी परत मागून घेतला आणि शालूच्या घडीत ठेवून दिला.